नवा बारदाना आणि तोच माल

गोंदियाच्या धानबाजारात ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याला पोत्यावरचा शिक्का दाखवून कोणी फसवू शकत नाही. तो पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून पाहतो आणि मगच भावाची भाषा काढतो. बारदाना नवा कोरा आहे एवढ्यावरून किडक्या तांदळाला चढा भाव देणारा व्यापारी या गावात दोन हंगामही टिकावयाचा नाही. परंतु व्यवहारात इतका चोखंदळ असलेला हाच मनुष्य मतदानाला निघाला, म्हणजे त्याची ती परीक्षक बुद्धी कोठे जाते, हे एक कोडेच आहे. तेथे तो शिक्का पाहतो आणि सौदा करून मोकळा होतो.

आमचा रोख कोणत्या प्रकाराकडे आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. सत्तेवर असलेल्या पक्षाला लोक विटले आणि निवडणूक वर्षा-दीड वर्षावर येऊन ठेपली, की त्या पक्षाच्या श्रेष्ठींना एकाएकी आपल्याच मुख्यमंत्र्याचे दोष दिसू लागतात. चार वर्षे जो कर्तबगार होता, तो एका रात्रीत निरुपयोगी ठरतो. त्याच्याच मंत्रिमंडळातला दुसरा कोणी त्याच्या जागी बसविला जातो, जुनी भित्तिपत्रके उतरतात, नवी चढतात आणि आता राज्य नव्याने सुरू झाले, असा डांगोरा पिटला जातो. हा नेतृत्वपालट म्हणजे पक्षाने घेतलेले प्रायश्चित्त होय, असे पुष्कळ सुशिक्षितांसही वाटते. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. प्रायश्चित्तात पापाचा उच्चार करावा लागतो. येथे तो टाळण्यासाठीच हा सारा खटाटोप असतो. हिशेब मागावयास धनी दाराशी येत आहे असे दिसताच मुनीम बदलावा, आणि नव्या मुनिमाने 'मागच्या वह्या मला ठाऊक नाहीत' असे म्हणावे, त्यातलाच हा प्रकार आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आमचा गोंदिया जिल्हा ज्या वर्षी जन्मास आला, त्याच वर्षाचा इतिहास पाहावा. मार्च १९९५ मध्ये शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांचे संयुक्त सरकार महाराष्ट्रात अधिकारावर आले आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. झोपडपट्टीतील चाळीस लाख लोकांना मोफत घरे, एक रुपयात झुणका-भाकर, पाच जीवनावश्यक वस्तूंचे स्थिर भाव, अशी मोठमोठी अभिवचने देऊन हे सरकार आले होते. एन्रॉनचा प्रकल्प त्याने १९९५ मध्ये गाजावाजा करून रद्द केला आणि पुढच्याच वर्षी नव्या अटींवर त्याचे पुनरुज्जीवनही केले. मुंबईच्या दंगलींविषयीचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळापुढे आला, तेव्हा त्याचे निष्कर्ष त्याने स्वीकारले नाहीत. घरांच्या वचनाची पूर्ती वचनाच्या मानाने नगण्य झाली. जनतेचे मन हळूहळू विटत चालले होते. अशा वेळी, जानेवारी १९९९ च्या अखेरीस, बाळासाहेब ठाकरे यांचा आदेश आला आणि जोशींनी राजीनामा दिला. १ फेब्रुवारी १९९९ रोजी नारायण राणे मुख्यमंत्री झाले.

आता येथे एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. जोशी यांचा नेमका अपराध कोणता? पुण्यातील एका भूखंडाचे प्रकरण त्या वेळी उच्च न्यायालयापुढे होते आणि पुढे न्यायालयाने त्या व्यवहारावर ठपका ठेवला, हे खरे. मुख्यमंत्र्यास काढण्यास तेवढे कारण पुरेसे आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही ते आनंदाने मान्य करू. मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हेच जोशी केंद्र सरकारात मंत्री कसे झाले, आणि मे २००२ मध्ये लोकसभेच्या अध्यक्षपदासारख्या परमसन्माननीय आसनावर कसे बसले? ज्या मनुष्याच्या हाती एका राज्याचा कारभार ठेवणे जानेवारीत अयोग्य ठरले, त्याच्या हाती सबंध देशाचे खाते देणे ऑक्टोबरात योग्य कसे ठरते? ते दोषी असतील तर हा गौरव अनाकलनीय आहे. निर्दोष असतील तर त्यांस काढणे अन्यायाचे होते. तिसरी गोष्ट एकच संभवते. त्यांच्या दोषादोषांचा या बदलाशी मुळी संबंधच नव्हता. लोकांच्या डोळ्यांपुढून एक ओळखीचा चेहरा तेवढा दूर करावयाचा होता.

आणि नवा चेहरा तरी कोणाचा? राणे हे जोशींच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री होते. जे निर्णय लोकांना रुचले नाहीत, ते ज्या बैठकांत झाले, त्या बैठकांच्या गादीवर तेही बसलेले होते. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते, हे जबाबदार राज्यपद्धतीचे अगदी पहिले सूत्र आहे. आमच्या महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही ते शिकविले जाते. जोशींची चूक ही राणेंचीही चूक होती आणि युतीतील प्रत्येक मंत्र्याची होती. एकाच्या डोक्यावर सगळ्यांचे गाठोडे ठेवून त्याला वेशीबाहेर घालविले म्हणजे गाव शुद्ध झाला, ही समजूत प्राचीन काळच्या बळीच्या प्रथेस शोभेल. संविधानाने चालणाऱ्या राज्यास ती शोभत नाही.

या प्रयोगाचे फळ काय मिळाले, तेही पाहावे. मुदत संपण्यापूर्वीच विधानसभा विसर्जित झाली आणि सप्टेंबर १९९९ मध्ये, धान निसवण्याच्या दिवसांत, लोकसभेबरोबरच विधानसभेचीही निवडणूक झाली. जून महिन्यात शरद पवार काँग्रेसमधून बाहेर पडून राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली होती. विरोधकांत अशी उभी फूट पडलेली असताही, १९९५ मध्ये शिवसेनेस ७३ आणि भाजपास ६५ जागा होत्या, त्या ६९ आणि ५६ वर आल्या. काँग्रेसला ७५ व राष्ट्रवादीस ५८ जागा मिळाल्या, आणि ऑक्टोबरात विलासराव देशमुखांचे सरकार आले. साडेआठ महिन्यांच्या नव्या चेहऱ्याने साडेचार वर्षांचा कारभार झाकला गेला नाही.

आमच्या जिल्ह्याच्या वाचकांना येथे एक आठवण होईल. राणे यांच्या त्या अल्पकालीन कारकिर्दीतच, १ मे १९९९ रोजी, भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. गोंदिया मतदारसंघाने तर १९९५ प्रमाणेच १९९९ मध्येही शिवसेनेचे रमेश कुथे यांनाच निवडून दिले. तेव्हा कोणी म्हणेल की, नव्या मुख्यमंत्र्याने आपले भले केले असता त्याच्यावर टीका करणे हा कृतघ्नपणा होय. आमचे उत्तर असे की, जिल्हा हा कोणा एका मुख्यमंत्र्याच्या प्रसादाचा विषय नव्हे. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीतील माणसास दाखल्याकरिता भंडाऱ्यापर्यंत हेलपाटा पडू नये, हा त्याचा हक्कच होता, आणि तो ज्याने दिला त्याने कर्तव्य केले. परंतु जिल्हा झाला म्हणून एन्रॉनचा हिशेब फिटत नाही, आणि घरे मिळाली नाहीत म्हणून जिल्ह्याचे श्रेय नाहीसे होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच सरकारच्या खात्यावर मांडावयाच्या असतात. चांगले ते नव्या चेहऱ्याचे आणि वाईट ते जुन्या चेहऱ्याचे, अशी वाटणी ज्या क्षणी आपण मान्य करतो, त्या क्षणी सरकार नावाची वस्तू हिशेबातून निसटते.

ही खोड एकाच पक्षाची आहे, असा समज होऊ नये. काँग्रेसने तर तिचा पाठच घालून दिला आहे. विदर्भाचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर मात्र १९८० च्या विधानसभेने तीन मुख्यमंत्री पाहिले, आणि १९८५ च्या विधानसभेने वसंतदादा पाटील, शिवाजीराव निलंगेकर, शंकरराव चव्हाण व शरद पवार असे चार पाहिले. १९९३ मध्ये मुंबईच्या दंगलींनंतर सुधाकरराव नाईक गेले आणि दिल्लीहून संरक्षणमंत्रिपद सोडून पवार परत आले. सुधाकरराव दंगल आवरण्यात अपयशी ठरले म्हणून गेले, असे मानावे, तर पुढच्याच वर्षी ते हिमाचल प्रदेशाचे राज्यपाल झाले! आणि १९९५ च्या निवडणुकीत काय झाले? १९९० मध्ये १४१ जागा मिळविणारा पक्ष ८० वर घसरला, आणि ४५ अपक्ष निवडून आले, त्यांत पक्षातच उमेदवारी न मिळालेले बंडखोर पुष्कळ होते. ज्या घरात धन्याची जागा वारंवार बदलते, त्या घरातील भाऊबंदांना कोणाचाच धाक राहत नाही, हा अनुभव संसारात जसा येतो तसा राजकारणातही येतो.

नेत्यास करणे व मोडणे हे जनतेच्या वा तिच्या प्रतिनिधींच्या हाती नसून दूर बसलेल्या श्रेष्ठींच्या हाती असते, हा धडा आमच्या भागास फार जुना आहे. हा सारा मुलूख जुन्या मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, तेव्हाची गोष्ट आहे. जुलै १९३८ मध्ये प्रांताचे मुख्य प्रधान डॉ. ना. भा. खरे यांचे आपल्या महाकोशलातील सहकाऱ्यांशी जमेना, म्हणून त्यांनी राजीनामा देऊन, रविशंकर शुक्ल व द्वारकाप्रसाद मिश्र यांना वगळून, तडकाफडकी नवे मंत्रिमंडळ बनविले. काँग्रेस कार्यकारिणीचा रोष झाला आणि दोन-तीन दिवसांतच त्यांस तेही पद सोडावे लागले. वर्ध्यास कार्यकारिणीच्या छायेत शुक्ल यांची नेतेपदी निवड झाली. डॉ. खरे यांनी सहकाऱ्यांशी सरळपणाने वर्तन केले असे आम्ही म्हणत नाही. त्यांची घाई व आडमार्ग दोन्ही निंद्य होते. परंतु प्रांताच्या विधानसभेने त्यांच्यावर अविश्वास दाखविला नव्हता आणि मतदारांना कोणी विचारलेही नव्हते. निर्णय वर्ध्यास झाला आणि नागपूरने तो ऐकला. पुढे वर्ध्याच्या जागी दिल्ली आली, मग वांद्र्याचे 'मातोश्री' आले, मग पुन्हा दिल्ली आली. गावाचे नाव तेवढे बदलत गेले.

आता आमच्या विरुद्ध जे म्हटले जाते, त्यातील बळकट मुद्दे टाळणे योग्य होणार नाही. पहिला मुद्दा असा की, नेता बदलणे ही पक्षाची आत्मशुद्धी होय, आणि संसदीय पद्धतीच्या माहेरघरी, इंग्लंडातही ती होते. नोव्हेंबर १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांस त्यांच्याच पक्षाने काढले आणि एप्रिल १९९२ च्या निवडणुकीत जॉन मेजर यांच्या नेतृत्वाखाली तोच पक्ष विजयी झाला. उदाहरण खरे आहे. पण ते आमच्याच बाजूचे आहे. तेथे खासदारांनी मते दिली. थॅचरबाईंस २०४ व हेसेल्टाइन यांस १५२ मते पडली, आणि हे आकडे सर्व जगाने वाचले. बाई का गेल्या, हेही सर्वांस ठाऊक होते. त्यांनी लादलेला डोईपट्टीचा कर लोकांस असह्य झाला होता, आणि त्यांच्या वारसाने तो कर रद्द करविला. म्हणजे तेथे माणसाबरोबर धोरणही बदलले. जेथे धोरण न बदलता माणसेच बदलली, तेथे काय होते, तेही याच देशाने दाखविले आहे. २०२२ या एकाच वर्षात त्याच पक्षाने जॉन्सन, ट्रस व सुनक असे तीन पंतप्रधान दिले आणि जुलै २०२४ मध्ये तो १२१ जागांवर आला. ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाने २०१० मध्ये रड यांना काढून गिलार्ड यांना आणले, जून २०१३ मध्ये गिलार्ड यांना काढून पुन्हा रड यांना आणले, आणि सप्टेंबरात पराभव पत्करला.

दुसरा मुद्दा घरचा आहे. जानेवारी २००३ मध्ये विलासराव देशमुखांच्या जागी सुशीलकुमार शिंदे आले आणि २००४ ची निवडणूक आघाडीने जिंकली. तेव्हा युक्ती सफळ होते, असे म्हणतात. होय, सफळ झाली; आणि म्हणूनच ती अधिक निंद्य ठरते. कारण जिंकल्यानंतर काय झाले? ज्या शिंद्यांना पुढे करून मते मागितली, त्यांस आंध्र प्रदेशाचे राज्यपाल करून पाठविण्यात आले आणि १ नोव्हेंबर २००४ रोजी तेच विलासराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. वीस वर्षांनी हाच खेळ निराळ्या पात्रांनी झाला. २०२४ ची निवडणूक महायुतीने एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना लढविली, २३० जागा मिळविल्या, आणि ५ डिसेंबर रोजी देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री व शिंदे उपमुख्यमंत्री झाले. भाजपाच्या १३२ जागा होत्या, तेव्हा त्याचा दावा गैर होता असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जो चेहरा पाहून लोक मत देतात, तो चेहरा मतमोजणीपुरताच असतो, हे मतदाराने एकदा नीट ओळखून ठेवावे.

तिसरा मुद्दा कायदेपंडितांचा. ते म्हणतात, मतदार आमदार निवडतो. नेता कोण असावा हा पक्षाचा खासगी प्रश्न आहे. मग आमदारांनी तरी तो निवडावा! प्रत्यक्षात बैठक भरते, दिल्लीहून निरीक्षक येतात, आणि 'नेता निवडीचे सर्वाधिकार श्रेष्ठींना देण्यात येत आहेत' असा एका ओळीचा ठराव एकमताने संमत होतो. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यावर याचे खापर फोडण्याची पद्धत आहे. पण तो कायदा सभागृहातील मतदानाविषयी आहे. पक्षाच्या बैठकीत नेत्याविरुद्ध हात वर करण्यास तो कोणासही बंदी करीत नाही. तेथे तोंडास कुलूप लागते ते पुढच्या उमेदवारीच्या भयाने.

ज्यास हे भय वाटत नाही, त्याची काय गत होते, तेही आमच्याच भागाने पाहिले आहे. २०१४ मध्ये भंडारा-गोंदियातून प्रफुल्ल पटेल यांचा पराभव करून भाजपातर्फे लोकसभेवर गेलेले नाना पटोले यांनी, शेतकऱ्यांविषयीचे आपले म्हणणे पक्षात ऐकून घेतले जात नाही, अशी जाहीर तक्रार करून डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला. पटोले यांचे पुढचे राजकारण कोणास पटो वा न पटो, सत्ताधारी पक्षाच्या खासदारास धानाच्या भावाविषयी बोलण्यासाठी पक्षच सोडावा लागावा, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत येथील मतदारांनी भाजपाचा पराभव करून राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे यांस निवडून दिले. मतदाराने त्या वेळी चेहऱ्यापेक्षा प्रश्नाकडे पाहिले, असे म्हणावयास जागा आहे.

या साऱ्या उलथापालथीत नुकसान कोणाचे होते? मुंबई आमच्यापासून रेल्वेने जवळजवळ हजार किलोमीटर दूर आहे. विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्र काढून मंत्रालयात पोहोचणारा शिक्षक, विडी-कामगारांचा प्रतिनिधी किंवा तलावाच्या दुरुस्तीसाठी खेटे घालणारा गावकरी यांना नव्या राज्यात नवे साहेब, नवे सचिव आणि 'पुन्हा अर्ज करा' हे जुने उत्तर मिळते. राजधानीत महिनाभर कोण येणार, कोण जाणार एवढीच चर्चा चालते. आणि इकडे आधारभूत खरेदी केंद्राच्या अंगणात पावसात भिजणाऱ्या धानास वाली राहत नाही. नेतृत्वाचा तमाशा राजधानीत होतो आणि त्याचे तिकीट मात्र आम्ही भरतो.

म्हणून सुशिक्षित वाचकांस आमची विनंती आहे. चेहऱ्यांची चर्चा सर्वांत अधिक रंगते ती आपल्याच दिवाणखान्यांत. अमुक साहेब बरे की तमुक, हा वाद घालताना गेल्या पाच वर्षांत काय झाले, हा प्रश्न आपणच बाजूस सारतो, आणि पक्षश्रेष्ठींस हवे असते तेच करतो. यापुढे निवडणुकीच्या आधी नेता बदलला गेला, की आपल्या दारी मत मागण्यास येणाऱ्या उमेदवारास तीन प्रश्न विचारावे. जुना नेता कोणत्या कारणासाठी गेला, ते कारण जाहीर झाले काय? नवा नेता आमदारांच्या गुप्त मतदानाने निवडला गेला काय, आणि तुम्ही स्वतः त्या बैठकीत काय बोललात? जुन्या नेत्याचा कोणता निर्णय नव्याने रद्द केला? तिन्ही प्रश्नांस सरळ उत्तर मिळाले, तर त्या पक्षाने खरोखरच आत्मशुद्धी केली, असे समजण्यास हरकत नाही. एकासही उत्तर मिळाले नाही, तर मनुष्य बदलला, सरकार बदलले नाही, असे समजून जुन्याच कारभारावर मत द्यावे.

पक्षांस ही खोड लागली ती आपल्या विसराळूपणामुळे. पाच वर्षांचा हिशेब पाच वर्षांच्याच मापाने मोजण्याचा निश्चय मतदाराने केला, तर शेवटच्या सहा महिन्यांत मुख्यमंत्री बदलण्याचे कारण कोणत्याही पक्षास उरणार नाही. आणि पहिल्या साडेचार वर्षांत नीट राज्य करण्याचे कारण मात्र प्रत्येकास उरेल.